घरातलं कारण

मॅट्रनबाई कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी बैठकीच्या खोलीत बसायच्या नाहीत. चपला दाराशी काढायच्या आणि "हात धुतो गं जरा," म्हणत सरळ आत स्वयंपाकघरात. तिथं कोपरापर्यंत साबण लावून निवांत हात धुणं चालायचं. सगळी नोकरी दवाखान्यात गेलेली, त्यामुळं ती सवय अंगात मुरली होती हे खरं. पण तेवढ्या वेळात ओट्याशी उभ्या असलेल्या बाईशी चार शब्द व्हायचे. आपण येणार म्हणून कुठले कप वर काढलेत, कुठले मागं सरकवलेत, ते दिसायचं. आणि बाहेर खुर्चीवर बसलेला घरमालक आता काय सांगणार आहे, याचा अर्धाअधिक अंदाज त्यांना तिथंच यायचा.

त्यांचं नाव सुवार्ताबाई. पण आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या देवळाला येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत, त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. दवाखान्यात त्या मॅट्रन होत्या, निवृत्त झाल्यावरही मॅट्रनबाईच राहिल्या. ठेंगणा, रुंद बांधा, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी सँडल. आवाज असा की वॉर्डच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट उठून बसावा. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं "मी येतो, मी जातो" असंच त्या बोलायच्या. मुंबईहून आलेल्या एका पाळकांनी, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंनी, एकदा ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. बाई म्हणाल्या, "साहेब, देवाला कळतंय की मी बाई हाय ते."

आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षारस, घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःच्या मनात डोकावून पाहावं, अशी अपेक्षा असते. बहुतेक जण डोळे मिटून घटकाभर बसतात आणि मग रांगेत उभे राहतात. एका वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्या पाळकसाहेबांनी ठरवलं की देवळाच्या पंचांनी घरोघर जावं, कुटुंबाबरोबर बसावं आणि हे डोकावणं जरा नीट करायला मदत करावी. बाकीच्या पंचांनी एक प्रार्थना, एक चहा अशा हिशेबानं आपापली घरं उरकली. मॅट्रनबाईंनी मात्र ते काम मनावर घेतलं. लेंट संपला, ईस्टर झाला, तरी त्यांचं जाणं काही थांबलं नाही. मी त्यांच्या शेजारी राहते आणि माझ्याकडे स्कूटर आहे. एवढ्या पात्रतेवर मी त्यांची सोबतीण झाले.

त्या उपदेश करत नसत. प्रार्थनाही दोन वाक्यांची. दुसऱ्या कुणाची प्रार्थना लांबली तर त्या मध्येच खणखणीत आवाजात "आमेन" म्हणायच्या आणि मग सगळ्यांनाच डोळे उघडावे लागायचे. त्यांचं खरं काम एका प्रश्नात होतं. समोरचा माणूस आपण काय करतोय, काय करणार आहोत ते सांगायचा. बाई विचारायच्या, "का?" तो कारण सांगायचा. बाई मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये झालं पावण्याला सांगायचं कारण. चांगलंय. आता घरातलं सांगा की."

हे विचारताना त्या माणसाचं मनगट धरायच्या, नाडी बघितल्यासारखं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "बाई, माणूस खोटं बोलायला लागला की नाडी बदलते काय हो?"

"कशाची बदलतीय! पण हात धरलेला असला की माणूस उठून जात न्हाय."

पहिल्याच वर्षी नाताळाच्या आधी आम्ही विल्यमकाकांकडे गेलो. काका बांधकामाची कंत्राटं घेतात. नाताळात वसतिगृहाच्या पोरांना मटणाचं जेवण घालायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याचा मोठा फलक करायला टाकला होता. त्यावर काकांचा हात जोडलेला फोटो होता. काका तो फोटो मोबाइलवर आम्हाला दाखवत होते.

"का घालताय जेवण?" बाईंनी विचारलं.

"गरीब पोरं आहेत, बाई. देवानं आपल्याला दिलंय, आपण चार घास..."

"चांगलंय. आता घरातलं."

काका हसले. इकडचं तिकडचं बोलले. बाईंनी मनगट सोडलं नाही. शेवटी आतून काकूंचाच आवाज आला, "सांगा की हो. गेल्या वर्षी माझ्या भावानं जेवण घातलं, तवापासनं झोप नाही यांना."

काका लाल झाले. मला वाटलं, आता बाई सांगणार की असल्या ईर्ष्येनं केलेलं दान देवाला पोचत नाही, आधी मेहुण्याशी समेट करा. निदान फलक तरी काढायला लावतील. बाई म्हणाल्या, "मग घाला की जेवण. मटण पोरांच्याच पोटात जाणार हाय. फकस्त कशापायी घालताय ते तुमचं तुमाला ठाव असू दे."

परत येताना मी स्कूटरवर कुरकुर केली. त्या मागून माझ्या कानाशी ओरडल्या, "रूथ, मन शुद्ध व्हायची वाट बघत बसलो तर रस्सा गार होईल! पोरांनी तवर काय करायचं?"

नाताळात जेवण झालं. फलक लागला होता. पण त्यावर काकांच्या शेजारी त्यांच्या मेहुण्याचाही फोटो होता आणि दोघंही कमरेला टॉवेल गुंडाळून पोरांना वाढत होते. कुणी किती वाढलं यावरून त्यांची तिथंही जुंपलेली होतीच. बाईंनी तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला.

बाईंची दुसरी जी भेट अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे ती उचगावची. विजय म्हणून आमच्या मंडळीतले एक गृहस्थ, देवळात चंदा गोळा करताना ताठ उभे राहणारे, कमी बोलणारे. त्यांची मुलगी स्नेहा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होती. तिथल्याच एका जैन मुलाशी तिला लग्न करायचं होतं. घरी दोन महिने अबोला होता. स्नेहाच्या आईनं बाईंना बोलावलं ते पोरीला समजवायला.

बाईंनी हात धुतले आणि बाहेर येऊन पोरीकडं न जाता विजयरावांच्या शेजारी बसल्या. मनगट धरलं.

"का नको म्हंतासा?"

"बाई, तुम्ही विचारताय? विश्वासाचा प्रश्न आहे. उद्या मुलंबाळं झाली तर ती कुठल्या देवळात जाणार?"

"बरोबर हाय. आता घरातलं."

"मंडळी काय म्हणेल? मी पंच आहे."

"ह्येबी पावण्याचंच झालं. जरा मोठ्या पावण्याचं."

विजयरावांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. मला वाटलं आता ते आम्हाला उठायला सांगणार. पण ते बोलायला लागले ते त्यांच्या बहिणीविषयी. तिनंही असंच बाहेर लग्न केलं होतं. वडिलांनी तिला दार बंद केलं. "आई रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसायची," ते म्हणाले. "काही बोलायची नाही. रस्त्याकडं बघत बसायची. तशीच गेली. मला हिला पाठवून तसं बसायचं नाही, बाई. मला नाही जमणार."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली स्नेहा रडायला लागली. हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. मला वाटलं, झालं, आता सगळं सुटलं. पण बाईंचं काम अर्धंच झालं होतं. त्यांनी स्नेहाला जवळ बसवलं.

"तू का करतीस लगीन?"

"तो चांगला आहे, बाई. माझं त्याच्यावर प्रेम आहे."

"असंल की. आता घरातलं."

स्नेहा चिडली. "यात घरातलं काय असणार?"

बाईंनी तिचंही मनगट धरलं. मग स्नेहा खाली बघत म्हणाली, "या घरात मला कुणी कधी काही विचारत नाही. शाळा यांनी ठरवली, कॉलेज यांनी ठरवलं. हे एक मी ठरवलंय."

"म्हंजे त्यो पोरगा म्हंजे तुझं ठरवणं."

"तसं नाही..." ती थांबली. "थोडं तसं आहे."

"मग लगीन कर न्हायतर करू नको, ते तुझं तू बघ. पण त्या पोराला ह्ये सांगून कर. त्येला बी कळू दे त्यो कशात पाय टाकतोय."

तिनं सांगितलं. पोरगा रुसला, महिनाभर बोलला नाही. मग एका रविवारी दुपारी स्वतःच उचगावला आला आणि विजयरावांच्या समोर बसून म्हणाला की आम्हाला घाई नाही, वर्षभर थांबू. ते थांबले. पुढं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. विजयराव सहीला उभे राहिले. पण मला आठवतं ते वेगळंच. त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात विजयरावांच्या शेजारी एक पिकल्या केसांची बाई उभी होती आणि तिचा चेहरा अगदी त्यांच्यासारखा होता. मधल्या काळात त्यांनी बहिणीला फोन केला होता.

असं सगळं चाललं होतं, त्यामुळं बाईंचा मंडळीत एक दबदबा झाला. लोक त्यांना बोलवायचे आणि घाबरायचेही. काही घरं आम्ही दिसलो की दिवे मालवत असावीत असा मला संशय होता. आणि बाईंनाही, खोटं कशाला बोला, ते आवडायला लागलं होतं. एखाद्या घरातून बाहेर पडताना त्या विजयी मुद्रेनं सँडलचा पट्टा लावायच्या.

मग एस्तेरचं घर आलं.

एस्तेर विधवा. नवरा अपघातात गेला, मूल नाही. ती सासूबरोबर खालच्या दोन खोल्यांत राहायची. वरच्या मजल्यावर दीर-जाऊ. सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. एस्तेर तिचं सगळं करायची आणि देवळात तिचं उदाहरण दिलं जायचं. पाळकसाहेबांनी एकदा तिला उभं करून तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. एस्तेर तेव्हा साडीचा पदर बोटाला गुंडाळत उभी होती.

त्या दिवशी बाईंनी हात धुतले, एस्तेरला समोर बसवलं आणि नेहमीच्या खड्या आवाजात विचारलं, "एवढं करतीस ते का गं?"

"सासू आहे, बाई. आईसारखीच."

"चांगलंय. आता घरातलं."

एस्तेरनं मान हलवली. बाईंनी हात धरून ठेवला. आणि एस्तेरचा बांध एकदम फुटला. "कुठं जाऊ मी? माहेरी कोण नाही. त्यांचं केलं नाही तर वरचे मला या घरात ठेवतील का? मला कुठंच जागा नाही म्हणून करते. मला वीट येतो, बाई. वास येतो. रात्रंदिवस वीट येतो."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरं बोललीस, मोकळी झालीस, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून पातेलं पडल्याचा आवाज आला. आम्ही आत गेलो. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. उशाशी ठेवलेली पेज तिनं हातानं ढकलून दिली होती आणि ती जमिनीवर पसरत चालली होती. मधल्या दाराला नुसता पडदा होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या दिवशी बाई सँडलचा पट्टा न लावताच बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं की म्हातारी एस्तेरच्या हातचं खात नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वरची जाऊ दोन घास भरवून जायची आणि जाताना एस्तेरला ऐकू जाईल असं बोलायची. बाई माझ्याकडे आल्या. "गाडी काढ," एवढंच म्हणाल्या.

त्या घरात शिरून त्यांनी हात धुतले आणि थेट म्हातारीच्या खोलीत गेल्या. तिला कुशीवर वळवलं. पाठीला जखम झाली होती, ती साफ केली, औषध लावलं, चादर बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर रोज. जाताना प्रत्येक वेळी एस्तेरसमोर उभ्या राहून म्हणायच्या, "माझं चुकलं, पोरी." एस्तेर काढलेली चादर उचलून मोरीकडं जायची.

एका दुपारी बाई जखम पुसत असताना म्हातारी भिंतीकडं बघतच म्हणाली, "ती कुठाय?"

एस्तेर दाराशीच होती.

"इकडं ये," म्हातारी म्हणाली. "तुला कुठं जागा न्हाय म्हणून करतीस व्हय माझं?"

एस्तेरनं डोळे मिटले.

"मला तरी कुठं हाय गं? वरची मला घेतीय व्हय? म्या बी म्हणूनच तुझ्या हातचं खातो. तू करतीस ते मला बी न्हाय आवडत. पेज आळणी करतीस." मग ती म्हणाली, "आण जा. मीठ घालून आण."

एस्तेर हसली की रडली, मला नीट सांगता येणार नाही. ती पेज आणायला गेली. म्हातारीनं पेज खाल्ली आणि तरी आळणीच आहे म्हणाली.

आम्ही निघायला लागलो तेव्हा एस्तेर बाहेरच्या पायरीवर येऊन बसली. बाईंनाही तिनं हाताला धरून बसवलं. मग तिनं विचारलं, रागानं नाही, अगदी साधेपणानं, "बाई, तुम्ही एवढ्या घरोघर फिरता. का?"

"देवाचं काम हाय ते, पोरी."

एस्तेर बाईंकडं नुसती बघत राहिली. तिनं पुढचं वाक्य उच्चारलंही नाही. बाईंनी पाय लांब केले, परत जवळ घेतले.

"घरी कोण न्हाय मला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला मुलगा आहे ना?"

बाईंचा मुलगा सॅमी कागलला असतो, एमआयडीसीत सुपरवायझर आहे, नाताळात केक घेऊन येतो आणि चहा पिऊन जातो, एवढं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडचं त्या दिवशी पायरीवर कळलं. सॅमी लहानपणी तापानं फणफणला होता. तो बरा झाला तर त्याला देवाच्या सेवेला देईन, पाळक करीन, असा बाईंनी नवस केला होता. नवरा लवकर वारला. बाईंनी एकटीनं पोराला वाढवलं आणि पाळकांच्या शिक्षणाला पाठवलं. दुसऱ्या वर्षी तो बॅग घेऊन घरी परत आला.

"म्हणाला, आई, मी देवासाठी जात नव्हतो, तुझ्यासाठी जात होतो. आणि मला म्हणाला, तू तरी देवासाठी पाठवलंस काय?" बाईंनी पदर गुडघ्यावर सारखा केला. "मी त्येला काय उत्तर दिलं न्हाय. तोंड फिरवलं. अठरा वर्षांचं पोर बाप मेल्यावर रडतंय तसं रडत हुतं आणि मी तांदूळ निवडत बसलो. पाळकाच्या आईला पहिल्या बाकावर बसवत्यात, एस्तेर. मला तिथं बसायचं हुतं. दवाखान्यातल्या सगळ्या बायकांनी बघायला पायजे हुतं. मग त्यो कागलला निघून गेला. माझं कारण विचारणारा एकच माणूस हुता, त्येला मी घरातनं घालवला आणि लोकांची विचारत बसलो."

एस्तेर उठली. ती आत गेली, तिघींसाठी चहा घेऊन आली. तो आम्ही पायरीवरच प्यालो.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही कागलला गेलो. हायवेवर मागं बसून बाई काहीतरी पुटपुटत होत्या, पाठांतर केल्यासारखं. सॅमीचं घर कारखान्यांच्या रस्त्यापासून जरा आत, नव्या वसाहतीत. सून दारात आमच्याकडं बघतच राहिली. बाई त्या घरी आजवर आल्या होत्या त्या फक्त पाहुण्यासारख्या, बारशाला आणि वाढदिवसाला. सॅमी पहिली पाळी करून आलेला, बनियनवर बसून कलिंगड खात होता. वय पन्नाशीकडं झुकलेलं. बाईंसारखाच ठेंगणा आणि रुंद.

बाईंनी हातही धुतले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सॅमी, तुला पाळक करायचं हुतं ते देवासाठी नव्हतं. माझ्यासाठी हुतं. पहिल्या बाकावर बसायला."

सॅमीनं हातातली फोड ताटात ठेवली. "मला ठाव हाय की, आई," तो म्हणाला. "जेवलीस काय?"

इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते बोलल्यावर असं उत्तर मिळेल याची बाईंनी तयारी केली नव्हती. "जेवलीस काय म्हंजे? मी काय सांगतोय ते ऐकलंस का?"

"ऐकलं. आम्हा सगळ्यांनाच ठाव हुतं. मला त्याचा राग नव्हता कधी."

"मग कशाचा हुता?"

त्यानं ताट बाजूला सारलं. सुनेनं टीव्ही बंद केला. "मी परत आलो तेव्हा तू देवळात सांगितलंस की सॅमी आजारी हाय, त्याच्या डोक्याला ताण आलाय, म्हणून शिक्षण सोडलं. सगळी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करत हुती. लक्ष्मीपुरीत भाजी आणायला गेलो तरी कोणतरी डोक्यावर हात ठेवायचं. मी आजारी नव्हतो, आई. मला नको हुतं, एवढंच हुतं."

बाई खाली बसल्या. त्यांना ते आठवतच नव्हतं, असं नंतर त्या मला म्हणाल्या. त्या आपल्या एका अपराधावर इतकी वर्षं बसल्या होत्या आणि पोराला दुखलं होतं ते दुसऱ्याच जागी.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते, कुणी आपला अनुभव सांगतं, कुणी आभार मानतं. बाई उठल्या. नेहमीच्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "माझा सॅमी शिक्षण सोडून आला तवा मी तुमास्नी सांगितलं की त्यो आजारी हाय. ते खोटं हुतं. त्यो ठणठणीत हुता. त्येला पाळक व्हायचं नव्हतं आणि मला लाज वाटत हुती. म्हणून सांगितलं. माझं चुकलं."

मग मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "कोण आजारी हाय?" कुणालाच ते आठवत नव्हतं. ज्यांनी तेव्हा प्रार्थना केल्या होत्या त्यातले निम्मे मातीत गेले होते आणि उरलेले विसरले होते. दोन-तीन जणांनी सॅमीसाठी तिथल्या तिथं नवीन प्रार्थना सुरू केली. बाई ओरडल्या, "आवो त्यो बरा हाय!" मी तोंडावर पदर धरला.

सॅमीला हे कुणी सांगितलं, माहीत नाही. मी नाही सांगितलं. पण पुढच्या शनिवारी तो मोटारसायकलवरून आला आणि नाताळ नसतानाही रात्रीपर्यंत थांबला.

त्यानंतर बाई घरभेटींना गेल्याच नाहीत असं नाही. जायच्या, पण कमी. आवाज खाली आला होता. विचारायच्या आधी मधल्या दाराकडं बघायच्या, पडदा आहे की दार. आणि कधी कधी माणूस आपलं घरातलं कारण सांगायला लागला की त्याच म्हणायच्या, "असू दे. माझ्यापाशी सांगायलाच पायजे असं न्हाय." एका नव्या जोडप्याशी त्यांना हे बोलताना मी ऐकलं तेव्हा मला वाटलं, या आधीच्या मॅट्रनबाई नव्हेत. एस्तेरकडं मात्र त्या म्हातारीच्या शेवटापर्यंत जात राहिल्या, तिची पाठ पुसायला. म्हातारी गेल्यावरही एस्तेर खालच्या त्याच खोल्यांत राहिली. दिराला बोलायची हिंमत झाली नाही, कारण बाई त्याच्याशी एकदा वरच्या मजल्यावर जाऊन बोलून आल्या होत्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच, कागलला, मुलाच्या घरी; शेवटी शेवटी त्या तिथंच राहायला गेल्या होत्या. अंत्यविधीला इतकी माणसं होती की देवळाच्या आवारात मांडव घालावा लागला. मी त्या गर्दीत उभी होते, पण मला तेव्हा त्या दिसत होत्या त्या दोन महिन्यांपूर्वीच्या.

मी शिकवते त्या शाळेच्या कामासाठी मी कागलला गेले होते आणि जाता जाता त्यांना भेटायला वसतिगृहासारख्या त्या लांबलचक वसाहतीत शिरले. सॅमीच्या दारात नुसती धावपळ. त्याच्या मुलीनं हट्ट धरला होता की नृसिंहवाडीला नदीचा संगम बघायचा आणि तिथली बासुंदी खायची. सून आणि मुलगी स्कूटरवर पुढं निघाल्या होत्या. बाई सॅमीच्या मोटारसायकलजवळ उभ्या होत्या. डोक्याला स्कार्फ बांधलेला, नाकावर सुनेचा काळा चष्मा.

"बाई, तुम्ही वाडीला?" मी विचारलं.

"बासुंदी खायला चाललोय गं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं गोड बंद केलंय. सांगू नकोस कुणाला."

त्यांना मागं चढवायला मी आधार द्यायला गेले तर माझा हात त्यांनी बाजूला केला. सॅमीनं मोटारसायकल तिरकी केली, त्या त्याच्या खांद्यावर भार देऊन एका अंगानं बसल्या, साडी गुडघ्याखाली आवरली आणि दोन्ही हातांनी त्याच्या पोटाला घट्ट विळखा घातला. सॅमीनं गाडी सुरू केली. तो मान वळवून म्हणाला, "आई, नीट बसलीस काय?"

"बसलोय की," त्या म्हणाल्या. "चल."